एकतीस एकांची संख्या: २१४७४८३६४७ ला भाग का जात नाही

जानेवारीच्या पहिल्या तारखेला एक रुपया बाजूला ठेवला, दुसऱ्या दिवशी दोन, तिसऱ्या दिवशी चार, आणि असे रोज आदल्या दिवसाच्या दुप्पट रुपये ठेवत गेलो, तर ३१ तारखेला एकट्या त्या दिवसाचे १०७ कोटी ३७ लाख ४१ हजार ८२४ रुपये ठेवावे लागतील आणि महिन्याची एकूण जमा २१४ कोटी ७४ लाख ८३ हजार ६४७ रुपये होईल. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या माझ्या शिकवणीत घातांक शिकवताना हे उदाहरण मी दरवर्षी देतो. मुलांची नजर रकमेच्या आकारावर खिळते. मला मात्र त्या रकमेची दुसरीच गोष्ट सांगायची असते. ही रक्कम सुट्टे न करता पुऱ्या रुपयांत समान वाटायची म्हटले, तर एकट्याने सगळी घ्यावी, नाहीतर तितकीच माणसे जमवून प्रत्येकाच्या हातावर एकेक रुपया ठेवावा, एवढेच दोन मार्ग आहेत. तिसरा मार्ग नाही, कारण २१४७४८३६४७ ही मूळ संख्या आहे.

यंदा मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, हे कुणी बसून मोजलंय व्हय?" प्रश्न चेष्टेत विचारलेला असला, तरी विचारण्याजोगा होता. दहा अंकी संख्येला कशानेच भाग जात नाही, असे छातीठोक सांगायचे तर कोणीतरी, कधीतरी, काहीतरी करून पाहिलेले असले पाहिजे. ते काय होते आणि हाताने करण्याइतके थोडे कसे झाले, याचे उत्तर या संख्येच्या घडणीत आहे.

गुळाच्या सौद्यांच्या दिवसांत मार्केट यार्डात रव्यांच्या, म्हणजे गुळाच्या ढेपांच्या, रांगा लागलेल्या असतात. बारा रवे असले, तर चार-चारच्या तीन रांगा किंवा सहा-सहाच्या दोन रांगा नीट बसतात. तेरा असले, की एकच लांब रांग करावी लागते, नाहीतर कुठेतरी एखादा रवा एकटा पडतो. ज्या संख्येचे असे चौकोनी रांगांत मांडणे जमत नाही ती मूळ संख्या. ही मांडणी शोधताना एक सवलत आपोआप मिळते: चौकोनाच्या दोन बाजूंपैकी लहान बाजू संख्येच्या वर्गमुळापेक्षा मोठी असूच शकत नाही. २१४७४८३६४७ चे वर्गमूळ ४६३४० आणि वर थोडेसे इतके येते. म्हणजे ४६३४० पर्यंतच्या संख्यांनी भाग जात नाही हे पाहिले, की पुढे जायची गरज उरत नाही. त्यातही फक्त मूळ संख्यांनीच भागून पाहावे लागते, कारण ६ ने भाग जायचा असेल तर तो आधी २ ने आणि ३ ने गेलेला असतो. तरीही ४६३४० च्या आत सुमारे ४८०० मूळ संख्या आहेत. कागदावर एका भागाकाराला पाच मिनिटे धरली, तर हे ४०० तासांचे काम झाले, आणि त्यात एकही चूक चालणार नाही.

इथपर्यंतचा हिशेब कोणत्याही दहा अंकी संख्येला लागू आहे. आपली संख्या मात्र कोणतीही नाही. ती २ चा ३१ वा घात वजा १ आहे. फक्त ० आणि १ हेच अंक वापरणाऱ्या द्विमान पद्धतीत लिहिली, तर ओळीने ३१ वेळा १ लिहावा लागतो, मध्ये एकही शून्य नाही. अशा, २ च्या घातातून १ वजा करून येणाऱ्या संख्यांना सतराव्या शतकातील फ्रेंच धर्मगुरू मारँ मर्सेन यांचे नाव मिळाले आहे. त्यातली कोणती मूळ असू शकते याची पहिली चाळणी अगदी सोपी आहे. सहा एके घ्या: ११११११. याचे तीन-तीनचे दोन गट पडतात, म्हणून त्याला १११ ने भाग जातो, जसा नेहमीच्या लेखनात ९९९९९९ ला ९९९ ने जातो. द्विमान ११११११ म्हणजे ६३ आणि १११ म्हणजे ७, आणि ६३ ला ७ ने भाग जातो हे आपण पाढ्यातूनच जाणतो. तेव्हा एकांची संख्या सारख्या गटांत वाटता आली, तर अख्खी संख्या संयुक्त, म्हणजे मूळ नसलेली, ठरते. ३१ एकांचे सारखे गट पडत नाहीत, कारण ३१ ही स्वतः मूळ आहे. पण एवढ्यावर निकाल देणे ही घाई ठरेल. ११ ही सुद्धा मूळ संख्या आहे, आणि २ चा ११ वा घात वजा १ म्हणजे २०४७. तो मात्र २३ आणि ८९ यांचा गुणाकार निघतो. पुष्कळ विद्यार्थी, आणि पूर्वीचे काही गणितीही, नेमके इथेच फसले.

हे २३ आणि ८९ मात्र नीट निरखण्यासारखे आहेत. २३ म्हणजे २२ अधिक १, आणि ८९ म्हणजे ८८ अधिक १. दोन्हींतून १ काढला, की ११ च्या पटी उरतात. हा योगायोग नाही. १ पासून सुरुवात करून संख्या दुप्पट करत जा, आणि प्रत्येक वेळी २३ ने भागून फक्त बाकी लिहा: १, २, ४, ८, १६, मग ३२ ऐवजी ९, पुढे १८, १३, ३, ६, १२, आणि त्याची दुप्पट २४ म्हणजे पुन्हा १. अकरा पायऱ्यांत आपण निघालो तिथेच परत आलो. २ च्या ११ व्या घाताला २३ ने भागल्यावर बाकी १ उरते, म्हणजेच १ वजा केल्यावर भाग निःशेष जातो, ही एकच गोष्ट झाली. आता या माळेत न आलेली एखादी बाकी घ्या, समजा ५, आणि तीच कृती करा: ५, १०, २०, १७, ११, २२, २१, १९, १५, ७, १४, आणि पुन्हा ५. ही दुसरी माळही अकरा मण्यांचीच झाली, आणि १ ते २२ मधला प्रत्येक मणी कोणत्या ना कोणत्या माळेत ओवला गेला. गुजरीतल्या सराफाला विचारले, तर तोही हेच सांगेल, की सगळे मणी अकरा-अकराच्या माळांत संपत असतील, तर मण्यांची एकूण संख्या अकराच्या पटीतच असली पाहिजे.

हाच विचार ३१ ला लावू. समजा, आपल्या दहा अंकी संख्येला भाग घालवणारी एखादी मूळ संख्या आहे. तिला 'भाजक' म्हणू. मग दुपटीच्या खेळात ३१ पायऱ्यांनी पुन्हा १ वर यावे लागते. माळेची लांबी ३१ ला भाग घालवणारीच असते, आणि ३१ मूळ असल्याने ती १ किंवा ३१ यांपैकीच एक असते. १ असूच शकत नाही, कारण मग १ ची दुप्पट १ च झाली असती. म्हणजे प्रत्येक माळ ३१ मण्यांची, आणि भाजकातून १ वजा केल्यावर ३१ ची पट उरलीच पाहिजे. शिवाय आपली संख्या विषम आहे, म्हणून भाजकही विषम आहे, आणि त्यातून १ काढला की सम संख्या राहते. तेव्हा भाजक ६२ च्या पटीपेक्षा १ ने मोठा असला पाहिजे: ६३, १२५, १८७, २४९, ३११ आणि अशाच पुढच्या संख्या. ३, ५, ७, ११, १३ यांनी भागून पाहण्याची गरजच राहिली नाही. ते एकही आकडेमोड न करता यादीतून बाहेर गेले.

याहून एक चाळणी अजून आहे. २ च्या ३१ व्या घाताची बाकी १ असेल, तर ३२ व्या घाताची बाकी २ असणार, आणि ३२ वा घात म्हणजे १६ व्या घाताचा वर्ग. म्हणजे अशा भाजकाच्या जगात २ ही एखाद्या वर्गाची बाकी म्हणून मिळते. असे ज्या विषम मूळ संख्यांच्या बाबतीत घडते, त्यांना ८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ७ च उरते, असा अंकशास्त्रातला एक पक्का नियम आहे. त्याची सिद्धता लांब असल्याने इथे तो तसाच घेऊ. २३ ला ८ ने भागून ७ उरतात आणि ८९ ला भागून १ उरतो, एवढे पडताळून समाधान करून घेता येईल. या नियमाने वरच्या यादीतले १२५ आणि १८७ गळतात, आणि पुढेही दर चारांतले दोन गळत जातात. उरतात त्या संख्या २४८ च्या पटीपेक्षा १ ने किंवा ६३ ने मोठ्या असतात, आणि ६३ हीच संख्या सोडली तर ४६३४० पर्यंत त्या फक्त ३७२ आहेत. पाच मिनिटांचा हिशेब पुन्हा लावला, तर ४०० तासांचे ३१ तास झाले. हे ३१ इथे निव्वळ योगायोगाने आले आहे, त्यात काही गूढ शोधू नये.

त्यातही संयुक्त संख्या सोडून द्यायच्या, म्हणजे शंभराच्या आतच भागाकार उरतात. फळ्यावर आम्ही सुरुवात केली. ६३ आणि २४९ दोन्हींना ३ ने भाग जातो, ते गेले. ३११ मूळ आहे: २१४७४८३६४७ ला ३११ ने भागले, भागाकार ६९०५०९२ आला आणि बाकी ३५ उरली. पुढच्या संख्या ४९७, ५५९, ७४५, ८०७, ९९३, १०५५ आणि १२४१. या सातही संयुक्त निघाल्या. १२४१ ने जरा वेळ घेतला, कारण १७ गुणिले ७३ हे पटकन दिसत नाही. मग १३०३: भागाकार १६४८१०७, बाकी २२६. मग १४८९: बाकी १९९. ज्याने प्रश्न विचारला होता त्यानेच हे तिसरे गणित सोडवले. भाग गेला नाही म्हणून तो थोडा हिरमुसला, पण चौदाशेच्या पुढे पोचायला तीनच भागाकार लागले, हे त्याच्या लक्षात आले होते.

हे बसून मोजणारे गणिती म्हणजे लिओनार्ड ऑयलर. १७७२ मध्ये एका पत्रात त्यांनी ही संख्या मूळ असल्याचे कळवले. ते त्या वेळी सेंट पीटर्सबर्गमध्ये होते आणि त्यांची दृष्टी जवळजवळ पूर्ण गेलेली होती. त्यांच्या आधी इटलीतील पिएत्रो कातालदी यांनी सोळाव्या शतकाच्या अखेरीस १७ आणि १९ या घातांकांच्या संख्या सरळ भागाकार करून मूळ ठरवल्या होत्या, आणि तेवढ्या बळावर २३, २९, ३१ व ३७ यांच्याबद्दलही तसेच सांगून टाकले होते. या चारांपैकी तीन चुकले. फेर्मा यांनी १६४० मध्ये २३ आणि ३७ यांची चूक दाखवली, आणि २९ ची चूक स्वतः ऑयलर यांनी. ३१ चे विधान बरोबर निघाले, पण कारण न देता केलेले विधान बरोबर निघाले, तर त्याचे श्रेय द्यावे की नाही, याबद्दल माझे मत जरा कडक आहे. ऑयलर यांची ही संख्या पुढे कित्येक दशके माहीत असलेली सर्वांत मोठी मूळ संख्या राहिली.

मधल्या काळात, १८११ मध्ये, पीटर बार्लो या इंग्रज गणितज्ञांनी याच संख्येवरून एक भाकीत केले. ज्या संख्येच्या, ती स्वतः सोडून, सर्व विभाजकांची बेरीज तिच्याइतकीच येते ती परिपूर्ण संख्या: १, २ आणि ३ मिळून ६ होतात, म्हणून ६ परिपूर्ण; तशीच २८. मर्सेन पद्धतीची मूळ संख्या सापडली, की तिच्यापासून परिपूर्ण संख्या तयार होते, हे युक्लिडला माहीत होते. आपल्या संख्येला २ च्या ३० व्या घाताने गुणले, की २३०५८४३००८१३९९५२१२८ ही एकोणीस अंकी परिपूर्ण संख्या मिळते. याहून मोठी परिपूर्ण संख्या कधी सापडणार नाही, असे बार्लो यांचे म्हणणे होते, कारण अशा संख्यांचा काही उपयोग नाही आणि केवळ कुतूहलापोटी एवढे कष्ट कोण घेणार. माणसाच्या कुतूहलाचा अंदाज त्यांना आला नाही. १८७६ मध्ये एदुआर ल्युका यांनी १२७ या घातांकाची ३९ अंकी संख्या मूळ असल्याचे दाखवले, आणि तेही भागाकारांची रांग न लावता.

ल्युका यांची आणि पुढे लेमर यांनी घासूनपुसून घेतलेली ही परीक्षा इतकी सुटसुटीत आहे, की ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. ४ पासून सुरुवात करा. त्याचा वर्ग करा, २ वजा करा, आणि जी संख्या तपासायची तिने भागून बाकी ठेवा. ही कृती घातांकापेक्षा २ ने कमी इतक्या वेळा केली आणि शेवटी शून्य उरले, तर संख्या मूळ. काहीही उरले, तर संयुक्त. २ चा ५ वा घात वजा १ म्हणजे ३१ घेऊन पाहू. तीन पायऱ्या लागतील: ४ वरून १४, १४ वरून १९४ म्हणजे ३१ ने भागून ८, आणि ८ वरून ६२ म्हणजे शून्य. ३१ मूळ. २०४७ साठी नऊ पायऱ्या करून पाहिल्या, तर शेवटी १७३६ उरतात, आणि तिचे पितळ उघडे पडते. विभाजक कोणते हे मात्र कळत नाही. आपल्या संख्येला २९ पायऱ्या पुरतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालेली ४ कोटी १० लाख २४ हजार ३२० अंकी मूळ संख्याही याच कुळातली आहे. तिचा घातांक १३६२७९८४१.

या संख्येचा आणखी एक गुण रोजच्या वापरात उतरला. २ च्या दुपटीची माळ इथे ३१ मण्यांतच संपते, पण ७ ने गुणत आणि दर वेळी या संख्येने भागून बाकी घेत गेले, तर १ वर परत येईपर्यंत १ ते २१४७४८३६४६ मधली प्रत्येक संख्या एकदा, आणि एकदाच, भेटून जाते. ७ चा पाचवा घात १६८०७. याने गुणत गेले तरी हीच पूर्ण फेरी मिळते, कारण २१४७४८३६४६ च्या मूळ अवयवांत २, ३, ७, ११, ३१, १५१ आणि ३३१ आहेत, ५ नाही. १ पासून निघालो, तर १६८०७, २८२४७५२४९, १६२२६५००७३ असे आकडे येतात, आणि पाहणाऱ्याला त्यांत काही क्रम दिसत नाही. म्हणून संगणकात फासे टाकल्यासारखे आकडे निर्माण करण्यासाठी ही रीत १९६९ पासून वापरात आली. आजच्या मानाने ती कच्ची आहे, आणि गुप्त संकेतांसाठी तर वापरूच नये, पण समजावून सांगायला याहून चांगली रीत मला माहीत नाही.

संगणकवाल्यांना हीच संख्या दुसऱ्या कारणाने पाठ असते, आणि ती मूळ असल्यामुळेच तिथे आली, असा एक गैरसमज पसरलेला दिसतो. संगणकात एकेका द्विमान अंकासाठी एक घर असते; ३२ घरांत एक घर धन-ऋण चिन्हासाठी ठेवले, की उरलेल्या ३१ घरांत मावणारी सर्वांत मोठी संख्या म्हणजे ३१ एके. १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद अशा ३२ घरांत मोजणारी जुनी यंत्रणा १९ जानेवारी २०३८ रोजी, मंगळवारी, आपल्या घड्याळाप्रमाणे सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी, म्हणजे कोल्हापुरात मिसळीच्या दुकानांत गर्दी असते त्या वेळी, भरून वाहू लागेल. यात संख्येच्या मूळ असण्याचा काडीचाही संबंध नाही. १६ घरांची मर्यादा ३२७६७ आहे, आणि ती ७, ३१ व १५१ यांचा गुणाकार आहे. ६४ घरांच्या मर्यादेलाही ७ ने भाग जातो. ३१ एकांची संख्या मूळ निघाली, हे संगणकाच्या दृष्टीने निव्वळ नशीब.

राहता राहिला एक मोह. ३१ ही स्वतः मर्सेन पद्धतीची मूळ संख्या, तिला घातांक केल्यावर पुन्हा मूळ संख्या मिळाली. मग आता २१४७४८३६४७ लाच घातांक केले तर? येणारी संख्या सुमारे ६४ कोटी ६४ लाख अंकी होते. ती कागदावर उतरवणे शक्य नाही. पण तिच्या भाजकालाही तीच अट लागू आहे: १ वजा केल्यावर २१४७४८३६४७ च्या दुपटीची पट उरली पाहिजे, आणि ८ ने भागल्यावर १ किंवा ७ उरले पाहिजेत. या अटींत बसणाऱ्या संख्या क्रमाने तपासत गेल्यावर २९५२५७५२६६२६०३१ ने भाग गेला. त्यातून १ काढून ४२९४९६७२९४ ने भागा, बरोबर ६८७४५ येतात. ८ ने भागा, बाकी ७. शिकवणीतल्या मुलांनी हे दोन्ही भागाकार मोबाइलवर करून पाहिले, आणि ६४ कोटी अंकांची ती संख्या संयुक्त म्हणून वहीत लिहून टाकली.